ऑब्री टिंडलची एकमेव मुख्य भूमिका

१

२१ फेब्रुवारी २००१, बुधवार. संध्याकाळी सहाच्या सुमारास कुवेतमधल्या एका सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत ॲम्ब्युलन्सने एक म्हातारा हिंदी माणूस आणून ठेवला. करडी दाढी, जाड चष्मा, गव्हाळ रंग, अंगात मळकट सदरा. एका मोठ्या हॉटेलच्या मागच्या बोळात तो छाती धरून पडला होता. सोबत कोणी नव्हतं. सदऱ्याच्या बाजूच्या खिशात एक सिव्हिल आयडी, म्हणजे इथलं सरकारी ओळखपत्र, मिळाला. त्यावर नाव होतं अब्बास इस्माईल इब्राहिम.

त्या पाळीला प्रभा खांबेटे सिस्टर इन्चार्ज होत्या. मूळच्या गुहागरच्या, कुवेतमध्ये अठरा वर्षं झालेल्या. ईसीजीच्या पट्ट्या लावायला त्यांनी कात्रीने सदरा पुढून कापला आणि त्यांचा हात थांबला. माणसाचा चेहरा, मान आणि मनगटापर्यंतचे हात गव्हाळ होते. छाती मात्र दुधासारखी पांढरी होती. त्यांनी स्पिरिटचा बोळा मानेवरून फिरवला. बोळा तपकिरी झाला.

तेवढ्यात नोंदणी खिडकीवरचा कारकून ते कार्ड हातात घेऊन आत आला. तो म्हणाला, सिस्टर, हा नंबर बंद आहे. हा माणूस नव्वद सालापासून बेपत्ता लोकांच्या यादीत आहे.

प्रभाताई माझ्या बायकोच्या, लीनाच्या, वॉर्डातल्या सीनियर. मी पेट्रोकेमिकलमधला इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर, नाशिकचा, आणि हौसेपोटी एका इंग्रजी नाट्यमंडळीचं लाइटचं काम बघणारा, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी हॉटेलवर फोन करून मला बोलावून घेतलं.

"रविकांत, तुमचा इंग्रज साहेब जागेवर आहे का?"

 साडेसातला प्रयोग होता, आणि गेला अर्धा तास आम्ही सगळे ऑब्री टिंडलला शोधत होतो.

२

ऑब्री टिंडल हे नाव कुणाच्या ओळखीचं नव्हतं, पण चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा होता. तो चरित्र अभिनेता होता. चाळीस वर्षांत त्याने टीव्हीवर आणि सिनेमात बटलर, पाद्री, पोस्टमन, हवालदार, खाटीक, स्मशानातला रखवालदार अशा दीडशेच्या वर भूमिका केल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच भूमिका चार वाक्यांच्या. विमानतळावर लोक त्याला थांबवत आणि आपण कुठेतरी भेटलोय असं म्हणत. एका बाईंनी तर त्याला आपला जुना दातांचा डॉक्टर समजून गालाची सूज दाखवली होती. हे किस्से तो फार रंगवून सांगे. हसताना त्याचे डोळे मात्र हसत नसत.

बाप रेल्वेत हमाल होता. शिष्यवृत्तीवर नाट्यशिक्षण झालं आणि मग गावोगावच्या नाटक कंपन्यांत दहा वर्षं गेली. तिथेच तो आपली विद्या शिकला. ती त्याने एकदा मला समजावून सांगितली होती. माणसाची एकच लकब उचलायची. टाच कशी टेकतो, किंवा ऐकताना मान कुठल्या बाजूला कलते. तेवढी जमली की उरलेला माणूस आपोआप मागून येतो. बोलता बोलता तो उठला आणि आमच्या स्टेज मॅनेजरसारखा चालून दाखवू लागला. माझ्या अंगावर काटा आला होता.

ऑगस्ट नव्वदमध्ये तो एका छोट्या कंपनीबरोबर कुवेतच्या हॉटेलांत प्रयोग करायला आला होता. इराकी सैन्य शिरलं, तेव्हा कंपनीतले बाकीचे वकिलातीत पोचले आणि हा मागे राहिला. कंपनीचे कपडे उसवून-शिवून देणाऱ्या मिरकाबमधल्या एका हिंदी शिंप्याने त्याला आपल्या खोलीत लपवलं. डिसेंबरात परदेशी लोकांना सोडलं, तेव्हा टिंडल मायदेशी परतला. त्याने त्यावर पुस्तक लिहिलं, रेडिओवर मुलाखती दिल्या. दाढी वाढवून, रंग फासून, मुका शिंपी होऊन आपण सैनिकांच्या नाकासमोर कसे मशीन चालवत बसलो, ही त्याची गोष्ट. आयुष्यात पहिल्यांदा जाहिरातीवर त्याचं नाव सर्वांत वर आलं. आता मुक्तीला दहा वर्षं होत होती, म्हणून आमच्या मंडळीने त्याला तोच एकपात्री प्रयोग करायला बोलावलं होतं.

प्रयोगाआधी पूर्ण वेषात मागच्या बोळात एकट्याने फेऱ्या मारायची त्याची सवय होती. ती आम्हा सगळ्यांना माहीत होती. तरी त्या संध्याकाळी आम्ही आधी खोली पाहिली, मग लॉबी, मग समुद्राकडची बाजू. आम्ही बोळात पोचलो तोवर ॲम्ब्युलन्स निघून गेली होती.

३

मी हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा टिंडल सीसीयूत होता. जोरदार झटका आला होता, पण जीव वाचला होता. प्रभाताईंनी मला ड्रेसिंगच्या खोलीत नेलं आणि कापलेला सदरा टेबलावर पसरला.

सदऱ्याच्या आत, डाव्या छातीवर, एक चोरखिसा होता. टिंडलला हृदयाचा त्रास होता. जिभेखाली मारायचा स्प्रे तो कायम जवळ बाळगायचा आणि त्यासाठीच तो खिसा करून घेतला होता. स्प्रे आत होता. बाहेरून हाताला लागत होता. पण खिशाचं तोंड शिवलेलं होतं.

"नखांत दोरे अडकलेत त्याच्या," प्रभाताई म्हणाल्या. "ओरबाडत होता. औषध छातीवर होतं आणि हात पोचत नव्हता."

मग त्यांनी ॲम्ब्युलन्सचा कागद दाखवला. फोन हॉटेलच्या भटारखान्यातल्या कामगाराने केला होता, तो गाडीला जागा दाखवून आत परत गेला. रुग्ण कोण, हे दारात उभ्या असलेल्या कुणालातरी विचारलं होतं. कागदावर अरबीत त्याचं उत्तर लिहिलेलं होतं. मा आर्फा, खय्यात. म्हणजे, मी ओळखत नाही, शिंपी आहे. सांगणारा बाई की पुरुष, याची नोंद नव्हती, आणि गाडीवरची माणसं पाळी संपवून गेली होती.

मी म्हटलं, कपड्यांवरून शिंपी वाटला असेल.

प्रभाताईंनी विचारलं, गळ्यात टेप होती का? मला आठवलं. टेप आणि कॉलरला टोचायच्या टाचण्या तो अगदी शेवटच्या क्षणी लावायचा. त्या दोन्ही वस्तू मी आत्ताच मेकअपच्या आरशासमोर पाहून आलो होतो. कार्डावर तर धंदा लिहिलेला नव्हताच.

म्हणजे बोळात पडला होता तो नुसता मळक्या सदऱ्यातला म्हातारा. त्याला शिंपी म्हणणाऱ्याला तो कोण आहे हे पक्कं ठाऊक होतं. आणि तरीही तो ओळखत नाही म्हणाला होता.

प्रभाताईंनी सदरा पिशवीत घातला. मेडिकल सुपरिंटेंडंटकडे रिपोर्ट शनिवारी द्यायचा होता. गुरुवार-शुक्रवार सुट्टी. शिवलेल्या खिशाबद्दल लिहिलं की प्रकरण पोलिसांकडे जाणार आणि मंडळीतल्या प्रत्येकाचा व्हिसा टांगणीला लागणार. त्या म्हणाल्या, लिहिणार तर मी आहेच, पण काय लिहितेय ते आधी मला कळू दे.

४

गुरुवारी सकाळी आम्ही हॉटेलवर गेलो. वेष माहीत असलेली माणसं मोजकीच होती. त्यातले जे हॉटेलवर हजर होते त्यांच्याशी प्रभाताईंनी चहा घेत, सहज चौकशी करावी तसं बोलून घेतलं.

पहिला हुसेन, हॉटेलच्या बँक्वेट विभागाचा प्रमुख. घराणं इराणचं, पण तो वाढला इथेच. तालमीत टिंडल सैनिकांच्या नकला करून हसवायचा तेव्हा हुसेन उठून बाहेर जायचा, हे मी पाहिलं होतं. प्रभाताईंनी कारण विचारलं. त्याने शांतपणे सांगितलं की नव्वदच्या ऑक्टोबरात त्याच्या थोरल्या भावाला घराच्या दारात गोळी घातली होती. टिंडलने त्या दिवसांचा तमाशा केला होता, आणि मॅनेजमेंटच्या हुकुमामुळे हुसेनला त्यासाठी खुर्च्या मांडाव्या लागत होत्या. साडेपाचला तो कुठे होता? मागच्याच बाजूला, माल उतरवायच्या दारापाशी. ॲम्ब्युलन्स आलेली त्याला दिसली नाही, असं तो म्हणाला, पण म्हणताना त्याने नजर कपाकडे वळवली.

दुसरा विजयकुमार, आमचा स्टेज मॅनेजर. कोल्लमचा, एका क्लिनिकमध्ये एक्सरे टेक्निशियन. प्रयोगाआधीचं निवेदन तो आठ वर्षं करत आला होता. टिंडलने सगळ्यांसमोर त्याला सांगितलं होतं की तुझं इंग्रजी स्टेशनवर गाड्यांची घोषणा करायला ठीक आहे, आणि निवेदन काढून टाकलं होतं. वर त्याच्या चालण्याची नक्कलही करून दाखवली होती. बुधवारी पाच ते सहा विजयकुमार कुणालाच दिसला नव्हता. आधी तो ऑफिसात होतो म्हणाला, मग सामान आणायला गेलो होतो म्हणाला. शेवटी त्याने कबूल केलं की तो पार्किंगमध्ये गाडीत बसून राजीनामा लिहीत होता. तीन कागद फाडले होते, ते अजून गाडीत होते.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, दोघांकडे कारण आहे, दोघांकडे साक्षीदार नाही.

प्रभाताई म्हणाल्या की विजयकुमारच्या शर्टाचं बटण सेफ्टी पिनवर आहे आणि हुसेनचे कपडे हॉटेलची लाँड्री बघते. खिशावरची शिलाई हाताची होती. टाके तांदळाच्या दाण्याहून बारीक, गाठ अस्तराच्या आत लपवलेली. दोघांपैकी कोणी सात जन्मांत तसा टाका घालणार नाही.

मग टिंडल शुद्धीवर आल्याचा निरोप आला, आणि आम्हाला वाटलं आता तोच नाव सांगेल.

५

त्याने नाव सांगितलं नाही. उलट तो म्हणाला की खिसा त्याने स्वतःच शिवला. स्प्रे चालताना खाली पडायचा, म्हणून. मग गरज पडली तेव्हा आपणच शिवल्याचं आठवलं नाही.

चेहऱ्यावरचा रंग पुसलेला टिंडल उशीवर फार लहान दिसत होता. तरी हे तो असं बोलला की मला क्षणभर पटलंच. प्रभाताईंनी सलाइनची नळी नीट केली, पांघरूण सारखं केलं आणि सहज त्याला कप धरायला दिला. त्याच्या हाताला इतका कंप होता की पाणी चादरीवर सांडलं. ही थरथर जुनी होती. तालमीत कप पकडताना मी ती रोज बघत होतो.

प्रभाताई बाहेरच्या बाकावर बसल्या. मग त्यांनी एक एक धागा सुटा केला. या हाताने तो टाका पडलेला नाही, म्हणजे तो खोटं बोलतोय. मरता मरता वाचलेला माणूस आपल्याला मारायला निघालेल्याला का झाकेल? हुसेन असता तर त्याने हॉटेल डोक्यावर घेतलं असतं. विजयकुमार असता तर वकिलातीला फोन लावला असता. त्यांचं नाव घेऊन याचं काहीच बिघडत नव्हतं.

"ज्याचं नाव घेतलं की स्वतःचंच काहीतरी बाहेर पडेल," त्या म्हणाल्या, "अशाच माणसाला तो झाकणार. आणि रविकांत, बेपत्ता माणसाचं कार्ड त्याच्याकडे आलं कुठून?"

कार्डाचं मला माहीत होतं. ते प्रयोगातलंच होतं. सैनिक तपासायला येतात त्या प्रसंगात टिंडल ते खिशातून काढून दाखवायचा. खरं कार्ड आहे, शिंप्याने आठवण म्हणून दिलं, असं तो अभिमानाने सांगायचा.

हे सांगता सांगता मला रविवारची दुपार आठवली. कपडेपट बघणाऱ्या ताहिराभाभी सदऱ्याचं माप घ्यायला आल्या होत्या. टेबलावरचं कार्ड त्यांनी उचललं. किती तरी वेळ हातात धरून ठेवलं. मग मला म्हणाल्या, साहेबांना विचारा, हे ज्याचं आहे तो कुठे गेला? मी विचारलं. टिंडल म्हणाला, सप्टेंबरात हिंदी लोकांच्या तांड्याबरोबर जॉर्डनमार्गे घरी गेला. भाभींनी पुन्हा विचारायला लावलं, सप्टेंबरात नक्की? तो म्हणाला, नक्की. त्यांनी कार्ड जागेवर ठेवलं आणि बाहीचं माप घेतलं.

मला ती नुसती चौकशी वाटली होती. त्यांचा नवरा युद्धात गेला एवढं मी ऐकून होतो. कुवेतमध्ये असं सांगणाऱ्याला पुढचं कोणी विचारत नाही. नवऱ्याचं नावही मला माहीत नव्हतं, आणि इथल्या कार्डावर आडनाव नसतं, बापाचं आणि आजोबाचं नाव असतं.

६

शुक्रवारी दुपारी आम्ही फरवानियात गेलो. खाली मनी एक्स्चेंज आणि भाजीचं दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर ताहिरा परकार यांची खोली. प्रभाताई गुहागरच्या आणि त्या दापोलीच्या हे दारातच कळलं. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, सरबत आणलं. प्रभाताईंनी पिशवीतून सदरा काढून मांडीवर ठेवला.

भाभींनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "खिसा मीच शिवलाय. मी काय लपवत नाय."

प्रभाताईंनी विचारलं, बोळात काय झालं? तेव्हा त्यांनी आधी कपाट उघडलं आणि एक हिंदुस्थानी पासपोर्ट आणून ठेवला. अब्बास इस्माईल परकार. फोटोत गोरा, घाऱ्या डोळ्यांचा, दाढीवाला माणूस.

नव्वदच्या जुलैत भाभी बाळंतपणासाठी दापोलीला गेल्या होत्या. मग फोन बंद झाले. युद्ध संपल्यावर गावचे सगळे परतले, अब्बास आला नाही. त्र्याण्णवमध्ये त्या मुलाला आईकडे ठेवून इथे आल्या. अब्बासचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा होता तो मालक, त्याने तिजोरीतून हा पासपोर्ट काढून त्यांच्या हातात दिला. पासपोर्ट मागे राहिला म्हणजे माणूस सरहद्दीवर गेला कसा? लोक म्हणाले, त्या गोंधळात नुसत्या सिव्हिल आयडीवरही काही जण पार झाले. आठ वर्षं भाभी त्या एका कार्डाच्या आशेवर राहिल्या होत्या. कुठल्यातरी छावणीत, कुठल्यातरी तुरुंगात, आपला माणूस ते कार्ड खिशात घेऊन जिवंत आहे.

रविवारी ते कार्ड टिंडलच्या टेबलावर दिसलं.

"पासपोर्ट माझ्याकडे आणि कार्ड त्याच्याकडे," भाभी म्हणाल्या. "मग अब्बास गेला कशावर? तो गेलाच नाय. आणि हा म्हणतो, नक्की गेला. आता सांगा बाय, खोटं का बोलेल माणूस?"

बुधवारी दुपारी सदरा इस्त्रीला आला तेव्हा त्यांनी स्प्रे आत ठेवून खिसा शिवला. साडेपाचला त्या बोळात गेल्या आणि मोडक्या इंग्रजीत टिंडलला एकच वाक्य बोलल्या. त्याचा पासपोर्ट माझ्याकडे आहे. टिंडल आधी हसला. मग त्याला समजलं. चेहऱ्याला रंग होता म्हणून चेहरा उतरलेला दिसला नाही, पण तो भिंतीला टेकला आणि त्याचा हात छातीकडे गेला.

"खिसा ओरबाडत होता. माझ्याकडे बघत होता. मी समोर उभी होते."

कात्री होती का जवळ, असं प्रभाताईंनी विचारलं.

"कात्री माझ्या गळ्यातच असते," भाभी म्हणाल्या.

ॲम्ब्युलन्सच्या माणसाने विचारलं तेव्हा उत्तर त्यांनीच दिलं होतं. माल उतरवायच्या दारातून हुसेन हे सगळं पाहत होता. तो पुढे आला नाही.

प्रभाताईंनी पेला खाली ठेवला. त्या म्हणाल्या, उद्या मला रिपोर्ट द्यावा लागेल. भाभी म्हणाल्या, द्या. कोर्टात उभी राहीन आणि का शिवला ते सगळ्यांसमोर सांगेन. फक्त त्याआधी त्या माणसाला विचारा, अब्बासचं काय केलं.

७

त्याच संध्याकाळी भेटीच्या वेळेत आम्ही तिघे टिंडलच्या पलंगापाशी उभे राहिलो. भाभींना पाहून मॉनिटरवरचे आकडे चढले. प्रभाताईंनी त्याला स्पष्ट सांगितलं की खिशाबद्दल उद्या लिहिलं जाईल, मग पोलीस येतील, मग ही बाई बोलेल. त्याआधी खरं काय ते सांगायचं असेल तर आत्ता सांग.

 तो छताकडे बघत बोलू लागला आणि मी भाभींसाठी मराठी करत गेलो.

नोव्हेंबरात कुणीतरी चुगली केली की मिरकाबच्या त्या इमारतीत इंग्रज लपलाय. इंग्रजाला आसरा देणाऱ्याला फाशी, असा हुकूम होता. सैनिक खालच्या मजल्यावर आले तेव्हा अब्बासने आपलं कार्ड आणि चष्मा टिंडलला दिला, त्याला मशीनवर बसवलं आणि स्वतः गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे गेला. तीन महिने टिंडलने अब्बासला पाठ केलं होतं. ओठांत टाचण्या धरायची रीत, ऐकताना डावीकडे कलणारी मान, सगळं. अधिकाऱ्याने कार्ड पाहिलं, त्याला पाहिलं आणि त्याची खात्री पटली.

तेवढ्यात दोघा सैनिकांनी गच्चीवरून अब्बासला ओढत खाली आणलं. कार्ड नसलेला, लपून बसलेला माणूस. अधिकाऱ्याने मशीनवरच्या शिंप्याला विचारलं, हा कोण?

"आणि मी अब्बास होतो," टिंडल म्हणाला. "घाबरलेल्या अब्बासने, ओळखत नाही म्हणून, जशी मान हलवली असती तशी मी हलवली. मी भूमिका सोडली नाही, एवढंच."

मी हे सांगितलं. भाभी म्हणाल्या, "त्याला सांगा, अब्बासने मान हलवली नसती."

टिंडलने डोळे मिटले. मग भाभींनी विचारायला लावलं की अब्बास काही बोलला नाही का. टिंडल म्हणाला, नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. तो बोलला असता तर मला तिथेच गोळी घातली असती, आणि हे त्याला माहीत होतं. त्याला खाली नेलं. हिरव्या ताडपत्रीचा ट्रक होता, त्यात आधीच सात-आठ जण होते. ट्रक उत्तरेकडे गेला.

भाभींच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्या म्हणाल्या, हे कागदावर लिही, सही कर, बेपत्तांच्या कचेरीत मी देते. टिंडल लगेच तयार झाला. इतका लगेच, की सुटलो असं त्याला वाटलं असावं.

मग त्या म्हणाल्या की दुसरी गोष्ट. हाच नाटकाचा खेळ, हाच वेष, याच हॉटेलात. आणि तिथे हे सांगायचं. नाही सांगितलंस तर मी पोलिसात जाते आणि कोर्टात सांगते. तुला जे आवडेल ते.

टिंडलने मला विचारलं, किती लोक असतील? मी म्हटलं, तीनशे. तो विचारात पडला. मला वाटलं तो लाजेचा हिशेब करतोय. तो म्हणाला, कोर्टात मी एक साक्षीदार असेन. हॉटेलात निदान रंगमंच असेल.

शनिवारी प्रभाताईंनी रिपोर्ट दिला. त्यात रुग्णाच्या जबानीप्रमाणे खिसा त्याने स्वतः शिवला होता, असं लिहिलं होतं. त्यांनी आयुष्यात लिहिलेलं हे एकमेव खोटं, असं त्या मला म्हणाल्या. 

८

प्रयोग ४ एप्रिलला झाला, बुधवारीच. हॉल भरलेला होता. पुढच्या रांगांत इंग्रज मंडळी, मागे आपले डॉक्टर, इंजिनिअर, नर्सेस. निवेदन विजयकुमारने केलं. टिंडलनेच ते त्याला परत दिलं होतं.

पहिला तास टिंडलने लोकांना खुर्चीत बसवेना इतकं हसवलं. त्याची नाडी बघायला प्रभाताई विंगेत होत्या. ताहिराभाभी दुसऱ्या विंगेत, हात बांधून. तपासणीचा प्रसंग आला. टिंडलने मशीनवर मान डावीकडे कलवली आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या हुसेनने श्वास रोखला. आम्ही अब्बासला कधी पाहिलं नव्हतं, पण तिथे अब्बास बसला होता. भाभींनी तोंडावर पदर घेतला. संपूर्ण प्रकरणात मी त्यांना डळमळताना पाहिलं ते तेवढंच.

हा कोण, असा प्रश्न त्याने अधिकाऱ्याच्या आवाजात विचारला, आणि शिंपी होऊन मान हलवली. लोक हसले. त्यांना वाटलं हाही विनोद आहे.

मग टिंडलने चष्मा काढला आणि स्वतःच्या आवाजात, काही न लपवता, ट्रक उत्तरेकडे गेला तिथपर्यंत सगळं सांगितलं. अब्बासचं पूर्ण नाव घेतलं. दापोलीचं नाव घेतलं. पुस्तकात लिहिलेलं खोटं होतं हे सांगितलं. इतका उत्तम तो आयुष्यात कधी बोलला नसेल. शेवटी तो पुढे आला आणि सवयीप्रमाणे कमरेत वाकला.

कोणी टाळी वाजवली नाही.

टाळ्या सुरू झाल्या की लाइट हळूहळू मालवायचे, असं माझ्या कागदावर लिहिलं होतं. टाळ्या नव्हत्या. बोट बटणावर होतं, ते मी खाली नेलं नाही. विसरलो असं नाही. टिंडल ताठ झाला, त्याने अंधारात बघायचा प्रयत्न केला आणि पुन्हा वाकला. मागच्या रांगेतून एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दुसरी. लोक उठून निघाले, एकमेकांशी न बोलता, आणि तो भर उजेडात उभा राहिला. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत मी लाइट चालू ठेवला. हुसेनने मला थांबवलं नाही. मग भाभी रंगमंचावर आल्या, त्याच्या हातातलं कार्ड घेतलं आणि निघून गेल्या.

टिंडल दुसऱ्या दिवशी लंडनला गेला. तिथल्या वर्तमानपत्रांनी ती बातमी उचलली, प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं, आणि त्यानंतर त्याला चार वाक्यांची भूमिकाही कोणी दिली नाही, असं विजयकुमारच्या कानावर आलं. कचेरीने अब्बासच्या फायलीत टिंडलचा कागद लावून घेतला. शोध अजून चालू होता.

नोव्हेंबरात ताहिराभाभी एगैलाला आमच्या घरी आल्या. हातात लंडनचं पाकीट होतं. आठ पानांचं पत्र, थरथरत्या अक्षरातलं. त्यांनी ते माझ्याकडून पूर्ण वाचून घेतलं. त्याला झोप लागत नव्हती, आरशात स्वतःचा चेहरा सापडत नव्हता, आणि त्याला क्षमा हवी होती. लीना डोळे पुसत आत गेली.

मी विचारलं, उत्तर द्यायचंय का? त्या म्हणाल्या, लिहा इंग्रजीत.

मी कागद घेतला. त्यांनी थोडा विचार केला.

"पत्र पोचलं. पुन्हा लिहू नये."

मी तेवढं लिहिलं आणि पुढच्या वाक्यासाठी थांबलो. पुढे वाक्य नव्हतं. खाली नाव काय घालू, असं मी विचारलं.

"अब्बासची बायको," त्या म्हणाल्या, आणि पाकिटाला तिकीट किती लागेल ते विचारू लागल्या.